शेहाताच्या टॅक्सीआधी

कैरोच्या मायक्रोबसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक मेकॅनिक आणि त्याची बायको इन्साफ. तिच्या मांडीवर नवाकोरा खोका.

"अबू हुदा, इंजिनाच्या कॉम्प्युटरची चिप खोक्यातल्या याच यंत्रानं नव्यानं लिहिणार?"

"हो. नक्कल आहे, इन्साफ, पण अस्सल यंत्राच्या दहाव्या हिश्श्याच्या किमतीत मिळालं. वाचतं झकास."

"आणि लिहिताना?"

"मध्येच अडकलं तर कॉम्प्युटर मेला. गाडीचा दगड."

"उद्या पहिली गाडी कुणाची?"

"शेहाताची. टॅक्सी पेट्रोल फार पिते म्हणतो. घरचाच माणूस."

"माझा भाऊ म्हणून होय? चार लेकरं जेवतात त्या टॅक्सीवर!"

"परक्याची बिघडली तर गल्ली मला फाडून खाईल."

"मग आपली घ्या."

"तुझ्या आईला डायलिसिसला पाठीवर नेऊ?"

तिनं खिडकीबाहेर नजर टाकली.

"अपघातातल्या गाड्यांचे कॉम्प्युटर मिळतात भंगारात?"

"ढीगभर."

"त्यांना पुन्हा मरायची भीती नाही. आधी त्यांच्यावर हात बसवा." मग तिनं ड्रायव्हरला हाक दिली, "उस्ता, बाजूला घ्या, उतरायचंय!"

"अगं, घर अजून पुढे आहे!"

"भंगारबाजार मागे राहिला."