कडुनिंबासारखी गोरी

अबोली : हिरवी आहे ही, बाबा.

अनंत : कोवळा हिरवा आहे. अगदीच गडद नाही केली त्यांनी.

अबोली : राजकन्या हिरवी कशी असेल?

अनंत : तेच मी सकाळी साडेसातपासून स्वतःला विचारतोय. ऋषिराजची मेल आली, 'सर, रंग भरून आले. दहाच्या आत होकार द्या, नंतर बदलता येणार नाही.' मी चष्मा पुसला. मग फोन पुसला. मग वाटलं मोतीबिंदू असेल, म्हणून तुला हाक मारली.

चंद्राबाई : बघू, बघू मला. हात पिठाचं हायती, तुमीच धरा फोन. ...आगं बया! हिला कावीळ झालीया का?

अनंत : कावीळ पिवळी असते, चंद्राबाई.

चंद्राबाई : मग लय दिस अंगात मुरलेली आसंल.

अबोली : 'पडद्यावरच्या राजकन्या गोऱ्याच का?' अकरा गावांत व्याख्यान दिलंत ना यावर?

अनंत : बारा. परवाचं कोरेगाव धरून. बारा शाली, बारा नारळ. आणि आभार मानणारा प्रत्येक जण म्हणाला, सरांनी विषयावर लख्ख उजेड टाकला. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही.

अबोली : आणि स्वतः कार्टून सिनेमा लिहायची वेळ आली, तर राजकन्या भेंडीच्या रंगाची.

अनंत : गोरी तर नाही ना? म्हणजे तत्त्व सुटलेलं नाही.

अबोली : बाबा.

अनंत : बरं, ऐक. ऋषिराज माझा विट्याचा विद्यार्थी. गावातली निम्मी माणसं देशभर सोनं गाळतात, हा एकटा पुण्यात बसून कार्टून काढतो. त्यानं माझी गोष्ट घेतली...

चंद्राबाई : माजी.

अनंत : चंद्राबाईंची गोष्ट घेतली, मी तिला भाषा दिली. चित्रं पुण्यात झाली, पण रंग भरणारी मंडळी इंदूरची. त्यांनी खाली टीप लिहिलीय. वाच.

अबोली : 'लेखक महोदयांच्या वर्णनाप्रमाणे. नीम-गोरी.' ...निमगोरी! तुम्ही निमगोरी लिहिलंत?

अनंत : निम म्हणजे अर्धं. निमगोरी, अर्धी गोरी. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण इंदूरला नीम म्हणजे कडुनिंब. त्यांनी फार विचार केला असणार बिचाऱ्यांनी. कडुनिंबासारखी गोरी. कोवळं पान घेतलं, त्यात जरा दूध घातलं.

चंद्राबाई : मला इचारलं आस्तं तर दूध कुटलं ते सांगितलं आस्तं. शेळीचं.

अबोली : पण मुळात निमगोरी का? बारा गावांत तुम्हीच सांगत फिरता की हा शब्दच लबाड आहे. गोरी म्हणायची सोय नाही आणि काळी म्हणायची हिंमत नाही, अशा माणसाने काढलेला शब्द, असं म्हणता तुम्ही. टाळ्या पडतात त्या वाक्याला.

अनंत : पडतात. साताऱ्याला तर शिट्टी पडली होती. काय आहे, अबोली, व्याख्यान डोक्यातून येतं आणि अर्ज हातातून भरला जातो. त्यांनी पात्रांची माहिती मागवली होती. प्रत्येक पात्राचा एक तक्ता. नाव, वय, उंची...

अबोली : दाखवा तो तक्ता.

अनंत : कशाला? दहाला वीस मिनिटं आहेत.

अबोली : दाखवा. ...'राजकन्या. वय सव्वीस. उंची पाच फूट तीन इंच. वर्ण निमगोरी. चष्मा नाही. रक्तगट बी पॉझिटिव्ह.' राजकन्येचा रक्तगट?

अनंत : अपघात वगैरे झाला तर.

अबोली : 'मामाकुळ वाई. अपेक्षा : निर्व्यसनी व अनुरूप.' बाबा, हा माझा बायोडाटा आहे!

अनंत : नमुना म्हणून समोर घेतला होता. कोऱ्या कागदावर सुचत नाही मला. दोन-चार ठिकाणी पुसायचं राहिलं.

अबोली : फक्त नाव पुसलंत.

अनंत : म्हणून तर राजपुत्र निर्व्यसनी निघाला. ऋषिराज म्हणाला, सर, हे फार आधुनिक आहे.

चंद्राबाई : पन आबोली, तुजी उंची पाच फूट तीन कवा झाली?

अबोली : पाच एक आहे, चंद्रामावशी. थांबा. म्हणजे साताऱ्याला जो बायोडाटा गेला, त्यात वर्ण निमगोरी लिहिलाय?

अनंत : पद्धत असते तशी.

अबोली : मी म्हटलं होतं, पाठवण्याआधी मला दाखवा.

अनंत : तू लॅबमध्ये होतीस. तुझ्या आईला दाखवला. तिने वाईहून अंगठा पाठवला.

अबोली : आणि फोटो?

अनंत : स्टुडिओवाल्या साईराजने काढलाय. त्याने थोडा...

अबोली : उजेड टाकलाय.

अनंत : तो सगळ्यांवरच टाकतो. माझ्या निवृत्तीच्या फोटोत मी तुझ्या वाईच्या गोऱ्या मामांतला वाटतो.

अबोली : रविवारी ती माणसं साताऱ्याहून इथे सांगलीत येणार. मला बघायला.

अनंत : थांब, ऋषिराजचा फोन आहे. बोल रे! ...हो, पाहिली. छान आहे, म्हणजे निरोगी वाटतेय. पण ती हिरवी आहे रे. ...काय? राहू दे म्हणतोस? ...हं. ...हं. या रंगाचं माणूसच जगात नाही, त्यामुळे कुणी दुखावणार नाही. मुद्दा बिनतोड आहे. ...नाही, नाही, मला नकोय. मी दुखावलोय ना. ...निमगोरी चुकलं माझं. लिहून घे, सावळी. ...शब्द नको? बरं, बरोबर आहे, शब्दानेच घात केला. मग? रंगाचा नंबर, नाहीतर खऱ्या कातडीचा फोटो. दहापर्यंत. ठेवतो.

अबोली : सावळी?

अनंत : चांगला शब्द आहे. देवांना लावतात.

अबोली : म्हणूनच माणसाला लावताना बरा पडतो. लॅबमध्ये माझ्या टेबलावर जतची माती तपासायला आली की मी मुरमाड लिहिते, कृष्णाकाठची आली की काळी लिहिते. मळ्याच्या मालकाला काळी म्हटलं की तो खूश होऊन चहा पाजतो. निमकाळी लिहिली तर भांडायला येईल.

अनंत : हे व्याख्यानात घालू का?

अबोली : घाला. तेरावी शाल.

चंद्राबाई : मी एक बोलू का सर? राग धरू नगा. राजाची लेक गोरीच दावा की. राजाच्या घरात कुनी काळं आस्तंय का? उनात कशाला जातीया ती?

अनंत : चंद्राबाई, तुमच्याच गोष्टीत ती दोन वर्षं जतच्या माळावर मेंढरं राखते.

चंद्राबाई : राकती की. पन गोरी राहून राकती.

अबोली : मावशी, खरं सांगा. तुमची आजी सांगायची तेव्हा ती गोरी होती?

चंद्राबाई : ...आजीचं काय घिऊन बसलीस. ती जुनी बाई.

अबोली : होती का गोरी?

चंद्राबाई : न्हाई. काळी हुती. आजी म्हनायची, तव्याच्या बुडावानी काळी, हासली की तेवडं दात दिसायचं.

अनंत : मग मला गोरीपान का सांगितलीत? मी वहीत उतरवून घेतलं होतं!

चंद्राबाई : तुमी शिकल्यालं मानूस. वही-पेन घिऊन बसलासा माज्याम्होरं. म्हटलं, चांगल्या घरात सांगायची तर जरा चांगली करून सांगावी. मळकं लुगडं नेसून कुनी लग्नाला जातंय का?

अनंत : म्हणजे तुम्ही माझ्यासाठी गोरी केलीत, मी तत्त्वासाठी तिला निम्मी उतरवली आणि इंदूरने हिरवी केली. मूळ बाई कुठे राहिली?

चंद्राबाई : मेंढरात.

अबोली : अजून काय बदललंत, मावशी?

चंद्राबाई : शेवट.

अनंत : शेवटसुद्धा? अहो, त्याचं संगीत झालंय!

चंद्राबाई : तुमास्नी मी सांगितलं, राजाची मान्सं येत्यात, लेकीला वळकत्यात, पालखीत घालून नेत्यात. आजी तसं न्हाई सांगायची.

अबोली : मग कसं?

चंद्राबाई : राजाची लेक हरवली. राजानं दवंडी दिली, माजी लेक हुडका, गोरीपान हाय, केतकीवानी. शिपाई निघालं गोरी हुडकाय. गावंच्या गावं पालथी घातली. ह्या पोरीच्या हातनं पानी प्यालं, तिलाच इचारलं, बाई गं, हिकडं राजाची लेक बगितलीस का? ती म्हनली, मीच हाय. शिपाई हासलं आन् पुढं गेलं.

अबोली : पण राजाला लेकीचा रंग माहीत नव्हता?

चंद्राबाई : म्हाईत हुता की. बापच न्हवं का तो! चारचौघात सांगायचं जड गेलं.

(कुकरची शिट्टी होते. कुणी उठत नाही. दुसरी होते, मग चंद्राबाई उठून गॅस बंद करून येतात.)

अबोली : रविवारी मी पोहे घेऊन बाहेर आले की ते विचारतील, मुलगी कुठे आहे?

अनंत : दोन इंच टाचांच्या चपला घालून ये.

अबोली : बाबा, मला हसू येत नाहीये.

अनंत : मलाही नाही. सवयीने बोललो. कोरेगावला शाळेत मला काळ्या म्हणायचे, सांगितलंय ना तुला? एकदा गुरुजींनी हजेरी घेताना चुकून तेच नाव पुकारलं. आणि मी चुकून 'हजर' म्हणालो. त्यानंतर शाळा सुटेपर्यंत तेच नाव राहिलं. आईने रोज दुधाची साय चोळली तोंडाला, दोन वर्षं. मांजर मागे लागायचं.

अबोली : आणि तुम्ही माझा बायोडाटा लिहायला बसलात.

अनंत : वर्णाच्या रकान्याशी आलो. तिथे पाऊण तास गेला. चहा प्यायलो. पंख्याचा स्पीड बदलला. मग वाटलं, या पोरीला कशाला त्या नावाला 'हजर' म्हणायला लावायचं? तेव्हा लिहिलं. पोरीचं भलं होईल म्हणून लिहिलं गं.

अबोली : तुमचा स्वतःचा बायोडाटा होता? आईकडे पाठवलेला?

अनंत : होता. एम. ए., प्रथम श्रेणी.

अबोली : वर्ण?

अनंत : रकानाच नव्हता. पुरुषाला कशाला लागतो? प्रथम श्रेणीच तेवढी गोरी होती.

चंद्राबाई : सर, दहाला धाच मिंटं हायती.

अनंत : हो. फोन द्या इकडे. ...नाही, ऋषिराजला नाही. आधी साताऱ्याला.

अबोली : बाबा, असं लगेच नको. काय सांगणार?

अनंत : शिपाई चुकीची मुलगी शोधायला निघालेत, ते सांगतो. ...नमस्कार, पुष्करच्या आई ना? मी सांगलीहून अनंत, अबोलीचा बाबा. रविवारचं पक्कं आहे, त्यासाठी नाही फोन केला. बायोडाटात एक दुरुस्ती होती. ...नाही, नाही, पत्रिका बरोबर आहे. वर्णाच्या पुढे मी निमगोरी लिहिलंय, ते चुकलंय. ...हं, गव्हाळ नाही. ...सावळी पण नाही तशी.

चंद्राबाई : म्हना की, सर.

अनंत : काळी आहे. ...काळी. क काळ्या मातीचा. ...नाही हो, आजारी नव्हती. जन्मापासून. ...फोटो? तो फोटोवाल्याचा गुण आहे. आणि उंची पाच एक. ...बरं. ...बरं. हो, चालेल. नमस्कार.

अबोली : काय म्हणाल्या?

अनंत : कळवतो म्हणाल्या.

अबोली : म्हणजे रविवारी येत नाहीत.

अनंत : पुष्करला म्हणे अचानक ऑफिसचं काम निघालं. त्यांनी त्याला विचारलंसुद्धा नाही. फोन खाली न ठेवताच निघालं काम.

चंद्राबाई : जाऊंदे. निस्तं पोहं फुकट गेलं आस्तं.

अनंत : अबोली, रागावलीस?

अबोली : नाही.

अनंत : वाईट वाटलं?

अबोली : थोडं. फोटो पाहून मला तो बरा वाटला होता. ...पण तुम्ही ते मोठ्याने म्हणालात. तिसऱ्या प्रयत्नात का होईना.

अनंत : दोनदा म्हणालो. त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं.

अबोली : आलं असणार, बाबा.

अनंत : हं. ...आता ऋषिराजला काय पाठवू? पाच मिनिटं राहिली. नंबर कुठून आणू?

अबोली : माझ्या पिशवीत मातीचा रंग ठरवायचं पुस्तक आहे. पानाला भोकं असतात. भोकाखाली माती धरायची, शेजारच्या ज्या चौकोनाशी जुळेल तो तिचा रंग. खाली नंबर छापलेला असतो. मातीऐवजी हात धरायचा, नंबरासकट फोटो काढायचा, पाठवून द्यायचा. नीम नाही, निम नाही.

अनंत : मग ये. खिडकीशी उजेड बरा आहे. नको, उजेड नको. इथेच बस. चंद्राबाई, तुम्ही पुस्तक धरा, मी फोटो काढतो. अबोली, हात ठेव.

अबोली : माझा कशाला? मला लॅबला उशीर झालाय. तुमचा ठेवा.

अनंत : माझा? अगं, राजकन्येचा रंग हवाय.

अबोली : बाही वर करा, बाबा. तोच आहे.