मामांच्या पिकअपमधली वाळू

गाडी मऊ चालावी म्हणून वाळू घेऊन फिरणारा माणूस पाहिलाय कधी? आमचे अण्णामामा फिरायचे. त्यांची जुनी फोर-बाय-फोर पिकअप मळ्यातल्या चिखलात वाघ, पण हायवेवर रिकामी पळवली की आपण सीटवर कमी आणि हवेत जास्त. शॉकअप बदलले, सीटवर गादी घातली, तरी तेच. शेवटी गॅरेजवाला म्हणाला, "मामा, खालचे स्प्रिंगचे पाटे ओझ्यासाठी बनलेत. मागं वजन ठेवा."

मामांनी घर बांधताना उरलेली वाळू गोण्यांत भरून मागं ठेवली आणि गाडीचा पाळणा झाला. मग ती वाळू आमच्यासोबत नाशिकला जायची आणि बाजार करून घरी यायची. एकदा वणीजवळ तलाठ्यानं अडवलं.

"वाळू कुठं चालली?"

"कुठंच नाय," मामा म्हणाले. "आमच्यासंगं फिरती."

"पावती?"

"साहेब, ही विकायची नाय. कमरेसाठी हाय."

तलाठ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "खरंच कमरेसाठी आहे." तो आमच्या दोघांच्या मध्ये बसला आणि गाडी तहसीलला घ्यायला लावली. वाटेत मामांच्या खांद्यावर डोकं टाकून मस्त झोपला.

तहसीलला गोण्या उतरवून घेतल्या आणि पावती दाखवून वाळू न्या म्हणाले. तलाठी म्हणाला, "मला परत वणीला सोडा."

पहिल्याच स्पीडब्रेकरला त्याचं डोकं टपावर आपटलं. दुसऱ्याला त्यानं मामांचा गुडघा घट्ट धरला. तिसरा लांबून दिसताच म्हणाला, "गाडी वळवा. चार गोण्या टाकून घेऊ."

मामांनी शांतपणे विचारलं, "पावती हाय का?"