दगडी कोळशाचा शेक

नाई म्हणलं ना, गोवर्धना — एक खडाबी देणार नाई. तुले वाटते, सहदेव कापसाच्या प्रेसमधी आगवाला झाला म्हणून माजला. माज तं माज! पंधरा वर्सं बॉयलरच्या भट्टीत फावडं मारून राहिलो, भुवया जळून गेल्या, माज कायचा रे? मालक अमरावतीले, नागपूरचा बॉयलर-साहेब वर्सातून एकडाव येते — टोपलंभर कोळसा गेला तं कोणाच्या बापाले कळते? पण नाई. तुही लेक बाळंत झाली, चांगलं झालं. गवऱ्या लाव बाजेखाली. बाभळीचे निखारे लाव. तुह्या आजीनं काय दगडी कोळशाचा शेक घेतला होता?

गवरी धूर करते, म्हणतं. करते ना! डोळे झोंबतात, सुईण शिव्या देते अन् उठून दार उघडते. तेच तं पाह्यजे, बावा. माळी माणूस तू, तुले भट्टीचं काय मालूम — हा पेंचच्या खाणीतला कोळसा अर्धा जळून बाहेर पडला का धूर नाई, वास नाई, लालबुंद पडून रायते चार-चार घंटे. दार उघडाची पाळीच येत नाई. अन् आपण तं वारं लागू नये म्हणून खिडकीले बोळे कोंबतो, दाराले घोंगडं टांगतो —

मले काहून मालूम? हाय मालूम. एका थंडीत माह्या हाताखालचा ओमप्रकाश इथंच बॉयलरमागं ह्याच कोळशाची शेगडी घेऊन झोपला होता. ओढत बाहेर काढला, मोकळ्या हवेत तवा शुद्धीवर आला. ह्या डोळ्यानं पायलं मी. अन् त्याच थंडीत जयवंता आली, माही लेक, मूर्तिजापुराहून, पयलटकरीण. मी म्हणलं, बाप प्रेसमधी असून पोरीले गवऱ्या कायले? खडे निवडून-निवडून नेले, धोतराच्या सोग्यात. बाळंत झाल्याच्या चवथ्या दिवशी दुपारी जेवाले गेलो — घोंगडं तसंच टांगलेलं. लेकरू तिच्या दंडावर. दोघंबी गुलाबी, झोपल्यावाणी. मी पाय न वाजवता मांगं फिरलो, जागी होईन म्हणून. जेवलोबी. जेवलो मी, गोवर्धना.

लोक म्हणले, सुभद्रा सुईणीचा हात वाईट, म्हणून गेली दोघं. तिले मंग कोणी उंबऱ्याच्या आत घेईना. बाळापुराले भावाकडं गेली म्हणतात. मी? लोक जमायच्या आंदीच शेगडी उचलून परसात रिकामी केली होती. थे कोणालेच मालूम नाई, जयवंताच्या मायलेबी नाई. तुले काहून सांगून राहिलो, कोण जाणे.

जाय आता, वाफ उतरून राहिली. अन् आयक, बाहेरच्या राखेच्या ढिगावरूनबी उचलू नको —

काय? सकाळीच उचलून नेला? अन् हे टोपलं उद्याच्यासाठी? मंग थो पयला — पेटवला? दार लावलं? अन् इतका वेळ मले बोलू देलं, लेका! पायतं काय — धाव! दार तोड, पोरीले अंगणात काढ, वारं लागू दे तिले, लागू दे — धाव!