छातीला गूळ

सव्वादहा! बरोबर सव्वादहाची गाडी चुडाव्याच्या टेसनात शिट्टी मारायली आन् आमच्या दारात कोर्टाचा बेलिफ उभा! व्यंकटराव त्याचं नाव. त्याच्यामागं कोण? आमच्या सासूबाई, कासाबाई! माझं तर पाणीच झालं हो... आन् माझी भागू, चार वर्सांची, उंबऱ्यावर बसून काय करायली? भाकर-ठेचा खायली! तुमी म्हणाल, पोर भाकर खायली तर त्यात भ्यायचं काय? तुमाला सांगते, त्या भाकरीपायीच पोर चालली माझी!

नवऱ्याचं न् माझं फाटलं तवा भागू दोन महिन्यांची. कोर्टात समजुतीचा कागद झाला. माझा भाऊ भुजंग वकिलाला सांगून आला, "आमच्यात अंगावरचं दूध तुटंपस्तोर लेकरू आईचं, मग बापाचं. तसंच लिवा." आन् मला काय म्हणला? "पोर तुझ्याकडंच ऱ्हाणार, कर सही!" निजाम जाऊन दोन वर्सं झालती, पण कागद उर्दूत! एक अक्षर कळंना. पण कळंना म्हणायची लाज... सातवी शिकलेली बाई मी! झोकात केली सही.

आता सासूबाईला करडं राखायला पोरगी पायजे, म्हणून तो कागद घेऊन आल्या. मी भागूला उचललं, पदराखाली कोंबलं. बेलिफ खाली बघून म्हणतो, "बाई, हुकूम हाय... पोरगी अजून पिती का?"

"पिती की! आत्ताबी प्यायली!"

सासूबाई फिस्कारल्या, "दात बघा, सायेब, दात! आमी करडाचं दूध तीन महिन्यांत तोडतो, ही तर घोडी झाली!"

तेवढ्यात पदरातून आवाज, "आई, ठेचा दे ना..."

मेले! सातवी शिकलेली बाई मी, आन् पदरानं पोरीचं तोंड दाबायले! बेलिफ घाम पुसायला. "आता मी काय लिवू? बघितलं म्हणू का ऐकलं म्हणू? पंधरा दिवसांनी पोरीला घेऊन कोर्टात या, काय ते जज्जसायेबच बघतील." जज्जसायेब बघतील? काय बघतील हो? ...

तवापासून झोप न्हाई. पोरीच्या पाया पडायले, "माय, एक घोट तरी घे!" ती म्हणती, "शी! मी काय बारकी हाय?" अख्ख्या मुलखातल्या बाया दूध तोडायला छातीला कडुनिंब लावत्यात... मी गूळ लावायले, गूळ! आन् कार्टी गूळ चाटून पळती!

चार दिवस ऱ्हायले तारखेला. बायांनो, तुमाला हात जोडते, एवढं गावोगाव सांगा : समजुतीचा कागद आधी वाचून घ्या, वाचता आला न्हाई तर लाजू नका, चौघांकडून वाचून घ्या. आन् त्यात 'दूध तुटंपस्तोर' लिवू नका, 'आई मरंपस्तोर' लिवा. सातवी शिकलेल्या बाईनं सांगितलं म्हणून सांगा...

आन् इकडं कुणी येणार असंल तर गुळाचा एक खडा धाडून द्या. आमचा संपत आलाय.