तीन दिवस दारात

बडनेऱ्याच्या बायकांच्या वेटिंग रूममध्ये चारुशीला अकोल्याच्या गाडीची वाट पाहत बसली होती. सात महिने माहेरी काढले, न्यायला कोणी फिरकलं नाही, तेव्हा भावाला सोबत घेऊन ती आपणच सासरी निघाली होती. पलीकडच्या बाकावर रमा नावाची एक बाई मैत्रिणीला रंगवून सांगत होती.

"मले न विचारता यायनं कोठीच्या किल्ल्या नणंदेले देल्या. मी तशीच अमरावतीले माहेरी निघून आली."

"मंग आले का घ्यायले?"

"आले. इतिहासाचे मास्तर ना! यायनंच मले सांगितलं होतं, जर्मनीच्या एका राजानं पोपले न विचारता बिशप नेमले. पोपनं त्याले वाळीत टाकलं. मंग राज्यात त्याचं कोणी ऐकेना."

"अन् मंग?"

"मंग काय! पोप उतरला होता त्या किल्ल्याच्या दारात तीन दिवस बर्फात अनवाणी उभा राह्यला, तवा माफी भेटली. मी आतूनच म्हटलं, राजा तीन दिवस उभा होता, तुमी किती राहाल?"

"अगबाई!"

"वहाणा काढल्या अन् पौषाच्या थंडीत राह्यले उभे. सारी आळी पाहून राह्यली होती. तिसऱ्या दिवशी माह्या बाबालेच लाज वाटली, त्यायनंच दार उघडलं."

"तिन्ही दिवस?"

"सकाळपासून दिवे लागेपर्यंत. हातात किल्ल्यांचा जुडगा."

चारुशीलेनं ट्रंकेचं कुलूप उगाच ओढून पाहिलं. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. तरी ती बोललीच,

"अमरावतीत कुठं बर्फ पडते? त्यात काय मोठं!"