तळमजल्यावरचा जिना

...जिन्यावरून पडले म्हणालीस? त्या केसपेपरच्या खिडकीतल्या बाईला? अगं सूनबाई, आपण तळमजल्यावर राहतो — दोन खोल्या, उंबरठा आहे तोही बोटभर — कुठल्या जिन्यावरून पडलीस तू? नाही, रागावत नाहीये. रागवायला अंगात जोर लागतो, तो कुठे राहिलाय. हात असा पोटाशी धर, लोंबता सोडू नकोस. दुखणारच, मनगट पिरगाळल्यावर काय होणार. तुला वाटलं म्हातारी मोरीत आहे — मोरीतून सगळं ऐकू येतं बाई.

हे बघ, आत गेलीस की डॉक्टरीण विचारेल कसं लागलं. नवऱ्याने हात पिरगाळला, एवढंच म्हणायचं. ती लिहील, आणि ते लिहिलेलं पुढे उपयोगी पडतं — पोलिसांत आजच गेलं पाहिजे असं नाही, पण गेलीस तर तो गुन्हा होतो, घरचं भांडण म्हणून वाटेला लावता येत नाही. आणि कोर्टाकडून हुकूम मिळतो, त्याने घरात पाऊल टाकायचं नाही असा. घर सोडून तू नाही जायचंस — तो जाईल. मला कसं माहीत? परवा चष्म्याची दांडी मोडली म्हणून बाहेर गेले ना — दांडीला काय धाड भरलीय! मागच्या गल्लीत बायकांचं मदत केंद्र आहे, तिथे बसले होते. वकील फुकट देतात, चौकीत सोबतही येतात. तिथली पोरगी म्हणाली, आजी, मारणारा कोण तुमचा? म्हटलं, मुलगा. तुम्हाला मारतो? म्हटलं, नाही गं, मला मारणारा केव्हाच गेला.

...अशी बघू नकोस. हो, तुझे सासरे. फोटोत दिसतात तेवढे शांत नव्हते. तेव्हाही आम्ही तळमजल्यावरच. हा कानामागचा व्रण — जिना. पुढचा दात — जिना. आणि एकदा माझ्या तोंडून शब्द फुटेना, तर डॉक्टरांना कुणी सांगितलं? तुझ्या नवऱ्याने. एवढंसं पोर, माझं बोट धरून — आई जिन्यावरून पडली. मी शिकवलं नव्हतं, ऐकून ऐकून पाठ झालं होतं त्याला. डॉक्टर म्हणाले, शहाणा आहे मुलगा.

आपलेच दात नि आपलेच ओठ — तो जेवला नाही तर आजही मला घास उतरत नाही, खोटं कशाला सांगू. पण तुझी चिमणी काल बाहुलीला मांडीवर घेऊन काय म्हणत होती, ऐकलंस? पडलीस ना जिन्यावरून, उगी उगी. मी ऐकलं. मग झोप कसली.

तुलाच हाक मारतायत बघ. ऊठ. मी नाही येत आत — माझ्यादेखत त्याच्याबद्दल बोलायला तुझी जीभ अडखळेल. चप्पल नीट घाल. आणि हे बघ, तू जिना म्हणालीस तर मी येऊन सांगेन खरं काय ते, त्याची आई म्हणून. नको ना आणूस माझ्यावर ती वेळ.

जा. मागे बघू नकोस.