शनिवारपर्यंत फसफसायला हवी

…नाही, हसा तुम्ही, मा-केबोने, पोट धरून हसा, पण आधी झाकण उघडून बघा — काही ऐकू येतंय? नाही ना? मढ्यासारखी पडलीय. आमची गाबाइपोने होती तेव्हा हीच बादली रात्रंदिवस बडबडायची — बायको एकीकडे, बादली एकीकडे, मला तोंड उघडायला जागा नव्हती. आणि आता मी दारू लावली तर गप्प! चव घ्या. गोडमिट्ट आहे ना, पोरांच्या सरबतासारखी? म्हणजे साखर तशीच बसलीय, आंबलीच नाही. आधी मला वाटलं साखर कमी पडली — ओतली आणखी. मग तुमच्या जाऊबाई म्हणाल्या, जास्त साखरेत यीस्ट गुदमरतं — म्हणून पाणी ओतलं. कसलं पाणी? उकळतं! म्हटलं थंडीचे दिवस, बिचाऱ्याला जरा ऊब. शिजवलं हो मी ते यीस्ट, चक्क शिजवलं! उभा जन्म गुरांच्या तळावर गेला माझा, अडलेली गाय अर्ध्या झोपेत सोडवीन, पण या एका बादलीने नाकीनऊ आणलेत.

बादली? स्वच्छ आहे की! साबणाची पूड घालून काथ्याने घासलीय. तळाला तो पिवळट थर होता ना, घट्ट बसलेला, तो तर सुरीने खरवडला. शनिवारी तिच्या माहेरचे येणार सेरोवेहून, तिची बहीण कशी नाक मुरडते ठाऊक आहे तुम्हाला — अहो, तोंडावर हात काय ठेवता? त्या थरातच? तेच विरजण होतं? म्हणून ती मला बादलीला हात लावू देत नव्हती होय! अरे देवा. लग्न झाल्यापासून जपलेलं तिनं, आणि मी कोंबड्यांपुढे ओतलं — शिट्टी वाजवत ओतलं! माझ्यासारखा गाढव शोधून सापडायचा नाही.

आणि डब्यात हे काय आणलंत? तुमच्या बादलीतला गाळ? ओता, ओता. तिनेच दिला होता तुम्हाला? कधी? मला बोलली नाही कधी… काही नाही, डोळ्यात धूर गेला. चूल पेटलेली नाही, बरोबर आहे तुमचं. तरी गेला.

गुंडाळायला हवी? हो, ऐन हिवाळा, जूनचा कडाका आहे, पण कशात — नाही, ते नको. पलंगावरच राहू दे ते. तिचं ब्लँकेट आहे. दारू सांडली तर तिचा वास — म्हणजे दारूचा वास लागेल त्याला. रात्री थंडी वाजते म्हणून घेतो मी, दुसरं काही नाही. शनिवारी जाणारच आहे ते. दारू पिऊन झाली की बाहीवरची ही काळी पट्टी कापतील, वर्ष झालं, सुतक संपलं म्हणतील, आणि बहीण पेटी उघडून वाटायला बसेल — झगा हिला, रुमाल तिला, ब्लँकेट स्वतःला. रीतच आहे, मी कुठे नाही म्हणतोय? आता दारूच नसेल तर मात्र — दारूशिवाय कसं करणार हो? परत जातील बिचारे. पुढच्या महिन्यात येतील, नाहीतर नांगरणी झाल्यावर… असं बघू नका माझ्याकडे. मुद्दाम नाही केलं. रात्री झाकण उघडं राहिलं ते विसरून राहिलं. आणि बादली दाराच्या फटीशी ठेवली ती — जागा नव्हती म्हणून. एवढी मोठी खोली आहे, तरी नव्हती.

अहो, तुमची शाल कशाला काढताय? घ्या, गुंडाळलीत पण! आता हो… थांबा. ऐकलंत? बुडबुडा फुटला. हा आणखी एक. आली की धुगधुगी.

काढा ती शाल. थंडी बाधेल तुम्हाला, काढा. काढा म्हणतो ना! आणि जा आता घरी, मा-केबोने. जा.